एकांतातला 'अंत' कुठला?

जोगेश्वरी पूर्वेची गुंफा पाहिलीय ना? सहाव्या शतकातलं शैव लेणं, भोवती आणि वरतीसुद्धा दाटीवाटीची वस्ती. पायऱ्या उतरून आत गेलं की एकांत हा शब्द हमखास आठवतो.

हा शब्द म्हणजे एक + अंत. पण इथे अंत म्हणजे शेवट नव्हे, तर कड, बाजू. वनान्त म्हणजे रानाची कड. आपला 'प्रांत'सुद्धा मुळात कडच. पुढे त्याचा अख्खा मुलूख झाला! तसं एकांत म्हणजे एका कडेची, बाजूला पडलेली जागा. मनाची अवस्था वगैरे अर्थ मागाहून चिकटले असावेत, असं आपलं माझं मत. जैनांच्या अनेकांतवादातला अंतही हाच, बाजू. म्हणूनच टोकाच्या, एकाच बाजूच्या मताला आपण 'एकांतिक' म्हणतो.

इंग्रजी सॉलिट्यूड लॅटिनच्या 'सोलस', म्हणजे एकटा, यावरून आला. तिथे माणूस मोजलाय, आपल्याकडे जागा. त्यामुळे सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये एकटेपणा मिळू शकतो, एकांत मात्र नाही.

आणि हो, जोगेश्वरी म्हणजे योगेश्वरी. योगीचा जोगी झाला, तसंच हे.