खर्जाचा छंद

हौसेला वय नसतें असें म्हणतात. तें खरें असेल. परंतु हौशी माणसाच्या घरच्या मंडळींच्या सोशिकपणाला मर्यादा असते, हेंहि तितकेंच खरें आहे. आम्हांस हा अनुभव चाळिशी उलटल्यावर आला. नागपूरच्या एका दुकानांतून आम्हीं एक जुनी बास गिटार विकत घेतली आणि एस.टी.च्या गाडींतून, जांबच्या चौकावरून, समुद्रपुरास आणली. पेटी जवळजवळ चार फूट लांब. वाहकानें तिच्याकडे संशयानें पाहून आंत काय आहे म्हणून विचारलें. वाद्य आहे असें सांगतांच, "मग वाजवून दाखवा कीं!" असें तो म्हणाला. तेव्हां ओशाळून सांगावें लागलें कीं, विजेच्या ध्वनिवर्धकाला जोडल्यावांचून हें वाद्य फारसें बोलत नाहीं. घरीं आल्यावर वडील बंधूंनीं पेटी उघडून तारा मोजल्या आणि विचारलें, "चारच? एवढ्याच पैशांत सहा तारांची आली नसती काय?"

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याइतकें ज्ञान त्या दिवशीं आम्हांजवळ नव्हतें. आज आठ वर्षांच्या खटाटोपानंतर तें थोडेंबहुत आलें आहे असें वाटतें. आम्ही कलावंत नव्हे. दिवसभर पोटाचा उद्योग करून रात्रीं तासभर वाजविणारे गृहस्थ आहों. तरी हौशी माणसालाहि मतें असतात, किंबहुना त्यालाच अधिक असतात; तीं वाचकांपुढें मांडण्याची ही संधि आम्ही घेत आहों.

प्रथम ह्या वाद्याची ओळख. युरोपांतील वाद्यवृंदांत खालच्या स्वरांसाठीं डबल बास नांवाचें, माणसाच्या उंचीचें वाद्य असतें. प्रवासांत तें नेणें म्हणजे घरचें कपाट नेण्यासारखें. शिवाय विजेवर वाजणाऱ्या नव्या वाद्यांपुढें त्याचा आवाज बुडूं लागला. ही अडचण पाहून कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर ह्यांनीं १९५१ सालीं गळ्यांत अडकवितां येईल अशी चार तारांची विजेची बास गिटार बाजारांत आणली. दांडीवर पडदे बसविलेले असल्यामुळें स्वर नेमका लागे, म्हणून तिला 'प्रिसिजन' म्हणजे 'अचूक' असें नांव मिळालें. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते, आणि इतर तीन अनुक्रमें सुमारें ५५, ७३ व ९८ वेळां. मनुष्याच्या कानाला सुमारें २० कंपनांपासून पुढचें ऐकूं येतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा स्वर किती तळचा आहे तें कळेल. ४१ कंपनांच्या स्वराची हवेंतील एक लाट आठ मीटरांहून अधिक लांब असते. आमची ओसरीहि तितकी लांब नाहीं. असे स्वर भिंतींना जुमानीत नाहींत, ही माहिती मात्र आम्हांस पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून नव्हे, शेजाऱ्यांकडून मिळाली.

हिंदी चित्रपटसंगीतानें ह्या वाद्याचा नाद घरोघरीं पोंचविला आहे. पोंचविलें नाहीं तें वादकाचें नांव. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याकडील वादकांचा भरणा मोठा होता. राहुल देव बर्मन यांच्या वृंदांत टोनी वाझ बास गिटार वाजवीत, हें जाणकारांना ठाऊक आहे, इतरांना नाहीं. ज्या गाण्यांवर दोन पिढ्या डोलल्या, त्यांचे गायक, कवि, संगीतकार कोण हें आमच्या घरांतील मुलेंहि सांगतील. खालची तार कोणीं छेडली असें विचारलें तर सर्व गप्प. अमेरिकेंतहि निराळें नव्हतें. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या अनेक गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सन हे बास वाजवीत, आणि तेहि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनें. त्या तबकड्यांवर वादकांचीं नांवें छापण्याची रीतच नव्हती. १९७१ सालीं मार्विन गे यांच्या एका तबकडीवर जेमर्सन यांचें नांव गौरवानें छापलें गेलें, तोंपर्यंत लाखों लोकांनीं त्यांचें वादन ऐकलें होतें.

आतां कोणी म्हणेल, हें सारें परदेशीं आणि मुंबईंत. समुद्रपुरास त्याचें काय? आमच्या मतें पुष्कळ आहे. आमच्या भागांत भजनाची परंपरा जुनी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं खंजिरीवर गांवोगांव भजनें गाइलीं. १९४२ च्या ऑगस्टांत आमच्या पूर्वेकडील चिमूर पेटलें, त्यामागें त्या भजनांचीहि प्रेरणा होती. परंतु खंजिरी आणि टाळ हीं वरच्या नादाचीं वाद्यें. त्यांना तोलून धरावयास डग्गा तरी हवा किंवा मृदंगाचें डावें तोंड तरी. त्या डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वीं भिजविलेल्या कणकेचा थर लावतात. त्याच्या वजनानें नाद खालीं उतरतो. खर्जासाठीं आमच्या पूर्वजांनीं स्वयंपाकघरांतून कणीक नेली, आम्हीं वीज नेली, एवढाच काय तो फरक.

अशा भरंवशावर आम्ही गांवांतील भजनीमंडळांत शिरलों. पहिले सहा महिने आमची समजूत अशी होती कीं, पैसे मोजून घेतलेलें वाद्य लोकांना ऐकूं आलेंच पाहिजे. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटीं कांहींतरी कसरत करीत असूं. एका एकादशीला बुवांनीं मालकंसाच्या वळणाचें पद धरलें. मालकंसांत पंचम वर्ज्य. आम्ही तर शिकवणीच्या पुस्तकांत वाचलें होतें कीं, षड्जाचा जोडीदार पंचम. तेव्हां दर आवर्तनाला सा-प, सा-प असा रतीब घातला. बुवांचा मध्यम डळमळूं लागला. दोनदां त्यांनीं तो सांवरला; तिसऱ्यांदा पद अर्धेंच टाकून गजर सुरू केला. कोणी कांहीं बोललें नाहीं. भजनांतील माणसें सभ्य असतात, आणि तोच खरा मार असतो.

घरीं आल्यावर आमच्या आत्याबाई तेवढ्या बोलल्या. त्यांनीं त्या वेळीं ऐंशी ओलांडली होती. लहानपणीं आमच्या आजोबांच्या गाण्यामागें त्या तंबोऱ्यावर बसत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "पंचम कोणाला विचारून आणलास रे?" थोड्या वेळानें म्हणाल्या, "उद्यांपासून तें तुझें पेटींत ठेव, आणि सकाळीं माझ्यापुढें तंबोरा घेऊन बस."

तंबोरा मिरजेचा, जिच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तीच ही मिरज. महिनाभर आम्हीं दुसरें कांहीं वाजविलें नाहीं. बंधूंना विचारावेंसें वाटलें कीं, ह्यालाहि चारच तारा आहेत, त्याचें काय? पहिली तार पंचमाची, पण मालकंसासाठीं ती मध्यमाला मिळवावयाची. मधल्या दोन जोडाच्या. आणि शेवटची पितळेची, खर्जाची. आत्याबाईंनीं सांगितलें, ही एकच तार हलकेच छेड आणि डोळे मिटून ऐक. आठव्या कीं नवव्या दिवशीं त्या एका षड्जाच्या पोटांतून गंधार उमटलेला आम्हांस ऐकूं आला. कोणीं तो वाजविला नव्हता. मूळ स्वराच्या पांचपट कंपनांचा तो अंश असतो, असें विज्ञान सांगतें. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तेव्हां आम्हांस उमजलें कीं, खालच्या एका स्वरांत वरचे कितीतरी स्वर सांठविलेले असतात. म्हणूनच तो चुकला तर चूक एकट्याची राहत नाहीं. वर गाणाऱ्याच्या पायांखालची जमीन सरकते.

ह्या शिकवणीनंतर वादनाविषयीं आमचीं जीं मतें बनलीं तीं थोडक्यांत अशीं:

उजव्या हातानें तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीनें वापराव्या. नखें कापलेलीं असावीं. बोट तारेवरून सरकून शेजारच्या तारेवर विसावलें पाहिजे. आवाज वाढवावयाचा तर ध्वनिवर्धकाची कळ फिरवावी, बोटाला शिक्षा करूं नये. डाव्या हाताचें बोट पडद्याच्या अगदीं मागें लगटून टेकवावें. दोन पडद्यांच्या मधोमध टेकविलें तर दुप्पट जोर लागतो आणि तरीहि तार खरखरते.

स्वर काढण्याहून स्वर थांबविणें कठीण. हार्मोनियमच्या पट्टीवरचें बोट उचललें कीं स्वर थांबतो. ही जाड तार घुमतच राहते आणि पुढच्या स्वराला गढूळ करते. मोकळ्या तारांवर उरलेलीं बोटें हलकेच ठेवून त्यांना गप्प करण्यास आम्हांस वर्ष लागलें.

तिसरी गोष्ट म्हणजे कोठें वाजवूं नये. ह्याचा गुरु तबलजीचा डावा हात. 'धा गे ना ती न क धी न' हा केरवा घ्या. डग्ग्याचा घुमारा 'धा', 'गे' आणि 'धी' ह्यांवर असतो. मधल्या चार मात्रा तो नसतोच. त्रितालांत दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा घुमत नाहीं, म्हणूनच काल ओळखूं येतो आणि समेची ओढ लागते. आम्ही आतां तबलजीच्या डाव्या हाताकडे पाहूनच वाजवितों. तो उचलला कीं आम्हीहि थांबतों.

अंगठ्यानें तार ठोकून व बोटानें खेंचून वाजविण्याची एक तऱ्हा तरुणांना फार आवडते. तिचा जन्म घरांतच झाला आहे. अमेरिकेंतील लॅरी ग्रॅहॅम आपल्या आईच्या गाण्याला साथ करीत असतां त्यांच्याकडे ढोलवादक राहिला नाहीं. ती उणीव त्यांनीं अंगठ्यानें भरून काढली. ज्यांच्याकडे चांगला तबलजी बसलेला आहे, त्यांनीं मात्र त्याच्या पोटावर पाय कां द्यावा?

आवाजाविषयींहि एक शब्द. मिरवणुकींतील भिंतीएवढे ध्वनिवर्धक छातींत दणका भरतात, त्याला मुलें खर्ज समजतात. वस्तुतः आवाज लहान असतां आपला कान खालचे स्वर वरच्यांपेक्षां पुष्कळ कमी ऐकतो. १९३३ सालीं फ्लेचर आणि मन्सन ह्या शास्त्रज्ञांनीं हें मोजून दाखविलें. म्हणून वाढविण्याचा मोह होतो. उलट, भ्रमणध्वनीच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकांतून हे स्वर निघतच नाहींत. वरच्या अंशांवरून आपला मेंदू ते कसेबसे कल्पून घेतो. एकीकडे दणका, दुसरीकडे नुसता भास. ह्यांच्यामध्यें वाढणाऱ्या मुलांनीं खरा खर्ज कोठें ऐकावा? आमचें उत्तर एकच: घरांत तंबोरा असेल तर तो खुंटीवरून खालीं उतरवावा, आणि आठवड्यांतून एकदां तरी मुलांनीं त्याच्याजवळ बसावें.

मागील महिन्यांत एका गुरुवारीं आम्हांस वर्ध्यास मुक्काम करावा लागला. परतल्यावर बंधु म्हणाले, "कालचें भजन कांहींसें पोकळ वाटलें. काय कमी होतें कोण जाणे." आम्हीं त्यांना कांहीं सांगितलें नाहीं.

आत्याबाई आतां नव्वदीला टेकल्या आहेत. वार्धक्यांत कान प्रथम वरचे नाद सोडतो. टाळ त्यांना ऐकूं येत नाहींत, शब्दहि धूसर होतात. आमच्या ओसरीवर भजन असलें म्हणजे त्यांची खाट ध्वनिवर्धकाच्या पेटीला लागून ठेवतों. तिच्या लाकडावर तळवा टेकवून त्या बसतात आणि समेला त्यांची मान हलते. परवां आम्हांकडून सम अर्ध्या मात्रेनें हुकली. गाणाऱ्यांच्या तें ध्यानांत आलें नाहीं, तबलजीहि कांहीं बोलला नाहीं. आत्याबाईंनीं मात्र पेटीवरचा हात उचलला आणि आमच्याकडे पाहिलें. पुढच्या आवर्तनाला आम्हीं सम नीट गांठली, तेव्हां तो हात पुन्हां खालीं आला.