घटनेच्या हत्तीवर हसताना

राज्यघटना म्हटली की आपल्याकडे दोनच चेहरे दिसतात. एक २६ जानेवारीचा, कडक इस्त्रीचा. दुसरा कोर्टाच्या पायरीवरचा, त्रासलेला. बेळगाव-निपाणी भागात दुसराच अधिक. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा हे शब्द इथे चहाच्या गाड्यावरही ऐकू येतात. घटनेकडे पाहून हसणारा चेहरा मात्र विरळा. गंमत अशी की, ज्या सभेने ही घटना घडवली ती सभा मनापासून हसत असे!

नोव्हेंबर १९४९ मधील अखेरच्या चर्चेत ह. वि. कामत म्हणाले की, आपल्या सभेच्या मुद्रेवर हत्ती आहे, तेव्हा घटनाही जगात सर्वांत अगडबंब झाली हे साजेसेच. के. हनुमंतय्यांची तक्रार अशी की, हवी होती वीणा-सतार, वाजला इंग्रजी बँड. हेच हनुमंतय्या पुढे म्हैसूरचे मुख्यमंत्री झाले आणि कर्नाटक एकीकरणासाठी झटले. नझिरुद्दीन अहमद यांनी तर मसुदा समितीच्या 'ड्राफ्टिंग'चे 'ड्रिफ्टिंग' केले, म्हणजे भरकटलेली समिती!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यावर रुसून बसले नाहीत. २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी सुनावले की, नुसते भरकटणे वेगळे आणि सुकाणू हाती ठेवून प्रवाहाबरोबर जाणे वेगळे. दिरंगाईच्या आरोपालाही त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले. अमेरिकेच्या घटनेत सात कलमे, आपल्या घटनेत ३९५. शिवाय सभेपुढे आलेल्या २,४७३ दुरुस्त्या निकालात काढायच्या होत्या.

याच दिरंगाईवर १९४९ मध्ये शंकर यांनी व्यंगचित्र काढले होते. घटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर स्वार बाबासाहेब, मागे नेहरू, दोघांच्याही हाती चाबूक. २००६ मध्ये ते अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, ते वगळण्याचा निर्णय झाला आणि प्रा. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली. मोडतोड निषेधार्हच. पण दुखावलेल्यांना 'विनोद कळत नाही' म्हणून मोकळे होणेही बरोबर नव्हे.

हे चित्र वर्गात समजावून सांगताना मला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, चाबूक गोगलगायीला की बाबासाहेबांना?" प्रश्न सरळ होता. एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद याच निपाणीत भरली होती. ज्या घरांत ती आठवण जपली जाते, तिथे त्या चाबकाकडे कोण कोणत्या नजरेने पाहील? सभागृहात टोला मारणारा आणि खाणारा समोरासमोर होते, उत्तर तिथल्या तिथे मिळे. पुस्तकातल्या चित्राला उत्तर द्यायचे तर वर्गात तशी मोकळीक हवी. त्या दिवशी तास संपला तरी वाद संपला नाही, आणि घटना समितीच्या वादविवादांचे खंड ग्रंथालयातून प्रथमच बाहेर आले.

सीमाभागाला अशा हसण्याची फार गरज आहे. तिसरे कलम मी घरच्या वाटणीच्या दाखल्याने शिकवतो. शेताचा बांध सरकवायचा तर संसद राज्यांना विचारते जरूर, पण त्यांचे ऐकलेच पाहिजे असे नाही. मुले हसतात, आणि हसता हसता एखादा विचारतो, "मग बांधाजवळ राहणाऱ्याला कोण विचारतं?" गंभीर व्याख्यानातून हा प्रश्न मला कधी मिळाला नव्हता. त्याला जोडून मी ३५० अ कलम सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगणारे हे कलम सातव्या घटनादुरुस्तीने आले, आणि तीही १९५६ चीच! बांध सरकला त्याच वर्षी बांधापलीकडच्या लेकरांचीही आठवण ठेवली गेली. ती कागदावर किती राहिली नि शाळेत किती उतरली, हे कानडी आणि मराठी दोन्ही घरांतल्या मुलांनी मिळून विचारायला हवे.

एका मुलाने विचारले, "सर, २००४ च्या दाव्याची गोगलगाय कुणी हाकायची?" वर्ग खदखदून हसला. कानडी बोलणारी मुलेही त्यात होती. सीमेवरचा एवढा जुना प्रश्न आणि त्यावर दोन्ही बाजूंची पोरे एकाच वेळी हसतात, हे मला कुठल्याही मोर्च्यापेक्षा आशेचे वाटते.