अ‍ॅपवरचे कर्ज: आधी कर्जदाता ओळखा

समजा, तुम्ही अ‍ॅपवरून ५,००० रुपयांचे कर्ज घेतले. ‘प्रक्रिया शुल्क’ कापून हातात ३,००० आले आणि सात दिवसांत ५,००० फेडायचे आहेत. म्हणजे ३,००० रुपयांवर आठवड्याला २,००० रुपये. सरळव्याजाने वर्षाला सुमारे ३,४७६ टक्के!

पण त्याआधीचा प्रश्न असा: हे पैसे दिले कोणी? अ‍ॅप बहुधा मध्यस्थ असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यामागे बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था असावी लागते. कर्ज थेट तुमच्या खात्यात यावे आणि परतफेड थेट त्या संस्थेच्या खात्यात जावी. सर्व शुल्कांसह वार्षिक दर सांगणारे विवरणपत्र करारापूर्वी मिळाले पाहिजे. तुमच्या फोनमधील संपर्कयादी अ‍ॅपने उघडता कामा नये. अ‍ॅपचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत तपासा.

वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास आणि चारचौघांत बदनामी करण्यास मनाई आहे. केवळ हप्ता थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. ‘अटक होईल’ या धमकीने घाबरू नका.

रकमेबद्दल वाद असेल, तर संस्थेकडे लेखी हिशेब मागा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या तक्रार प्रणालीवर विनाशुल्क तक्रार करा. संस्थाच सापडत नसेल, तर ‘सचेत’ संकेतस्थळावर कळवा. धमक्या आल्यास पोलिसांकडे जा. संदेश, कॉलच्या नोंदी, पावत्या जपा. एक कर्ज फेडायला दुसरे अ‍ॅप मात्र उघडू नका.