व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर : आधी माणूस, मग यंत्र

हॅम रेडिओच्या छंदात व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला आजही मान आहे. पण या पेटीत जीवघेणी वीज साठलेली असते. ती वापरणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनीही काय जाणून घ्यावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला. २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला. या तिन्ही संकटांत हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले. अंदमानच्या वेळी तर हॅम मंडळींचे एक पथक आधीपासूनच पोर्ट ब्लेअरमध्ये होते. छंदासाठी नेलेली त्यांची यंत्रे बेटांचा आवाज बाहेर पोहोचवू लागली.

परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरात छोटे रेडिओ केंद्र उभारायचे आणि जगभरातल्या अनोळखी माणसांशी बोलायचे, असा हा छंद. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांनाही तो होता. साधारण १०० वॅटच्या रेडिओवर हा छंद उत्तम चालतो. पण दूरचे स्टेशन नीट ऐकू येईना, आपला आवाज तिकडे पोहोचेना, की शौकिनाचे मन ॲम्प्लिफायरकडे ओढ घेते. आणि तिथे आजही भेटतो तो जुना व्हॉल्व्ह, म्हणजे आजोबांच्या रेडिओत मंद पिवळा उजेड देणाऱ्या काचेच्या नळीचा थोरला भाऊ.

आपल्याकडे या व्हॉल्व्हची परंपरा मोठी आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. हॅम मंडळींच्या एका अख्ख्या पिढीने ८०७ नावाच्या व्हॉल्व्हवर घरच्या घरी ट्रान्समीटर बांधले. मोठ्या ताकदीसाठी ८१३, ८११ए, ३-५००झेड हे व्हॉल्व्ह वापरले गेले. ते अजून टिकून आहेत याचे कारण त्यांचा सोशिक स्वभाव. क्षणभर चूक झाली तर ट्रान्झिस्टर जळून जातो, व्हॉल्व्ह बहुधा निभावून नेतो.

मात्र त्याच्या सोशिकपणामुळे माणूस गाफील होतो. व्हॉल्व्ह माफ करतो, पण त्याला चालवणारे व्होल्टेज माफ करत नाही.

पेटीतला साठा

घरातली वीज २३० व्होल्टची. दोन ३-५००झेड व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर मिळून ती जवळजवळ ३,००० व्होल्टपर्यंत नेतात. हे व्होल्टेज स्थिर राहावे म्हणून कपॅसिटरची रांग असते. समजा, प्रत्येकी २०० मायक्रोफॅरडचे ८ कपॅसिटर एकापुढे एक जोडले आहेत. त्यांची एकत्रित क्षमता २५ मायक्रोफॅरड होते आणि ३,००० व्होल्टला त्यांत ११२ ज्यूल ऊर्जा साठते. हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णाला इस्पितळात विजेचा झटका देतात, तो बहुधा १२० ते २०० ज्यूलचा असतो. तिथे मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जाणारा झटका इथे एका चुकीच्या स्पर्शाने बसू शकतो.

स्विच बंद केला, प्लगही काढला, तरी हा साठा लगेच संपत नाही. तो हळूहळू रिकामा करण्यासाठी प्रत्येक कपॅसिटरवर एक रेझिस्टर असतो. त्याला ब्लीडर म्हणतात. ३० किलोओहमचे ब्लीडर शाबूत असतील तर वरच्या उदाहरणातले व्होल्टेज अर्ध्या मिनिटात २० व्होल्टच्या आसपास येते. पण वर्षानुवर्षे तापून एखादा ब्लीडर तुटला, तर त्याच्या वाट्याचा कपॅसिटर कित्येकशे व्होल्ट धरून बसतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'आमच्या घरात ईएलसीबी आहे, शॉक बसला तर वीज आपोआप तुटेल,' असे अनेकांना वाटते. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगसाठी ते खरेही आहे. पण ॲम्प्लिफायरमधले उच्च व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला असते. तिथे बसलेला शॉक ईएलसीबीला कळतच नाही. म्हणून त्याच्या भरवशावर पेटी उघडू नये.

झाकण काढण्यापूर्वी

पहिला नियम : प्लग भिंतीतून काढायचा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही.

दुसरा नियम : काही मिनिटे थांबायचे. मीटरचा काटा शून्यावर येईल, पण त्यावर विसंबायचे नाही. मीटरकडे जाणारा रेझिस्टर तुटला असेल तर तीन हजार व्होल्ट असतानाही मीटर शून्यच दाखवील.

तिसरा नियम : साठा स्वतः रिकामा करायचा. त्यासाठी लांब, कोरड्या, वीज न वाहणाऱ्या दांड्याच्या टोकाला धातूचा हूक बसवतात आणि त्याची जाड तार यंत्राच्या सांगाड्याला पक्की जोडतात. आधी रेझिस्टरमधून आणि मग थेट, असा हा हूक उच्च व्होल्टेजच्या टोकाला लावावा. भरलेला कपॅसिटर एकदम शॉर्ट केला तर स्फोटासारखा आवाज होऊन धातूचे कण उडू शकतात. त्यानंतर प्रत्येक कपॅसिटरची दोन टोकेही एकमेकांना जोडून घ्यावीत. काम संपेपर्यंत हूक तिथेच अडकवून ठेवावा, कारण रिकामा झालेला मोठा कपॅसिटर काही वेळाने आपोआप थोडे व्होल्टेज परत मिळवतो.

चौथा नियम : घरात दुसरे कोणी नसताना किंवा झोप आलेली असताना पेटी उघडायची नाही. हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवावी. ८०७, ८१३, ८११ए, ३-५००झेड या सर्वांच्या डोक्यावरच्या धातूच्या टोपीलाच सर्वांत जास्त व्होल्टेज असते, हे कायम लक्षात असावे.

झाकण उघडताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच अनेक यंत्रांत असतो. दुरुस्तीच्या घाईत काही जण तो तार लावून कायमचा निकामी करून टाकतात. आपल्या यंत्रात कुणी तसे केले असेल, तर सर्वांत पहिली दुरुस्ती त्याची करावी.

व्हॉल्व्ह का जळतो?

माणसाच्या सुरक्षेनंतर यंत्राची पाळी. नवा व्हॉल्व्ह महाग पडतो आणि शोधावाही लागतो. तो अकाली जाण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात.

फिलामेंटचे व्होल्टेज : ३-५००झेडला ५ व्होल्ट लागतात आणि फरक ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. आपल्याकडे विजेचा दाब दिवसातून कितीदा तरी वरखाली होतो. दाब वाढला की फिलामेंटचे आयुष्य घटते. म्हणून व्होल्टेज प्रत्यक्ष व्हॉल्व्हच्या पायांवर मोजून घ्यावे आणि गरज वाटल्यास पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर वापरावा.

सुरुवातीचा धक्का : थंड फिलामेंट आणि रिकामे कपॅसिटर स्विच लावताच खूप करंट ओढतात. सुरुवातीचे एक-दोन सेकंद वीज रेझिस्टरमधून सोडणारे 'सॉफ्ट स्टार्ट' सर्किट हा धक्का झेलते.

तापण्याचा वेळ : ३-५००झेड काही सेकंदांत तयार होतो, पण काही सिरॅमिक व्हॉल्व्हना ३ मिनिटे लागतात. तेवढा धीर नसेल तर कॅथोड खराब होतो.

हवा : पंखा बंद असताना व्हॉल्व्ह पेटवूच नये. बोलणे संपल्यावरही पंखा काही मिनिटे चालू ठेवावा. पावसाळ्यात धूळ आणि दमटपणा एकत्र आला की ठिणग्या पडतात. पाली आणि झुरळांना तर उबदार पेटी प्रियच. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवावी आणि आतली धूळ कोरड्या ब्रशने काढावी, अर्थात वरचे चारही नियम पाळून.

अँटेना : अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये. ट्यूनिंग कमी ताकदीवर सुरू करावे आणि काही सेकंदांतच थांबावे.

याशिवाय दोन स्वस्त राखणदार आहेत. उच्च व्होल्टेजच्या वाटेत १० ते ५० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर बसवला, तर व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडली तरी करंटला मर्यादा राहते. ३,००० व्होल्ट आणि २५ ओहम असतील तर तो १२० अँपिअरच्या पुढे जात नाही. तो नसेल तर मीटरपासून डायोडपर्यंत सारे एका क्षणात जाऊ शकते. दुसरा राखणदार म्हणजे ग्रिडचा करंट प्रमाणाबाहेर गेला की यंत्र बंद करणारी रिले.

बिघाड कसा ओळखावा?

यंत्र बंद पडले की आधी डोळे, नाक आणि कान वापरावेत. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर हे अर्धे उत्तर देऊन जातात.

स्विच लावताच फ्यूज जातो? वरचे नियम पाळून व्हॉल्व्ह काढून ठेवावेत. तरीही फ्यूज जात असेल तर दोष डायोड, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. आता टिकत असेल तर व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून 'चालवून बघू' म्हणणे म्हणजे आगीला आमंत्रण.

प्लेट लाल होते? जोरात काम करताना ३-५००झेडची प्लेट मंद लाल दिसणे नेहमीचेच आहे. पण ८०७ किंवा ८११ए लाल होऊ लागला तर यंत्र ताबडतोब बंद करावे. ट्यूनिंग चुकले असेल किंवा बायस गेला असेल.

करंट भरपूर, पण ताकद बाहेर येत नाही? बँड स्विच, अँटेनाची रिले आणि जोडण्या तपासाव्यात. करंट आणि ताकद दोन्ही कमी झाली असतील तर आधी रेडिओकडून पुरेशी ताकद येते का आणि फिलामेंटचे व्होल्टेज बरोबर आहे का ते पाहावे. ते ठीक असेल तर व्हॉल्व्ह म्हातारा झाला असे समजावे.

काचेच्या आत निळी झाक दिसते? काचेला चिकटून दिसणारा निळा उजेड बहुधा निरुपद्रवी असतो. पण इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत जांभळट धूसर उजेड पसरला, तर आत वायू आहे. ८०७ सारख्या व्हॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला, तर आत हवा शिरली आहे. त्याला निरोप द्यावा.

साधा मल्टिमीटर फार तर १,००० व्होल्टचा असतो. तो तीन हजारांच्या टोकाला लावू नये, तो हातातच फुटू शकतो. फिलामेंट, रेझिस्टर, डायोड यांची तपासणी वीज बंद करूनच होते आणि बहुतेक दोष तेवढ्यात सापडतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी.

घरच्यांसाठी

हे सारे छंद करणाऱ्याने वाचायचे, आपल्याला काय त्याचे, असे घरातल्या गृहिणीने किंवा मुलांनी समजू नये. अपघात झालाच, तर पहिले धावून जाणार तेच.

रेडिओच्या खोलीचा मेन स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. तो सहज दिसणाऱ्या जागी आणि ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. कुणाला शॉक बसलेला दिसला तर प्रथम त्याला हात न लावता तो स्विच बंद करावा. तरीही कपॅसिटर भरलेले असू शकतात. म्हणून यंत्राला स्पर्श न करता कोरड्या लाकडी काठीने माणसाला बाजूला करावे. १०८ किंवा ११२ वर फोन करावा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहावे. माणूस उठून बसला, 'काही झाले नाही' म्हणाला, तरी त्याला डॉक्टरकडे न्यावेच. हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम वरून दिसत नाही.

आणि शेवटी एक हिशेब. १०० वॅटचे ४०० वॅट केले, तर ऐकणाऱ्याच्या मीटरवर आपला आवाज जेमतेम एका अंकाने वाढतो. कित्येकदा अँटेना थोडी उंच केली किंवा नीट बांधली तर त्याहून अधिक फायदा होतो आणि त्यात तीन हजार व्होल्ट नसतात. ते करून झाल्यावरही व्हॉल्व्हची ओढ वाटत असेल तर जरूर वाटू द्या. परवान्याने दिलेल्या मर्यादेत राहा. पण सुटा व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी तो हूक लावलेला दांडा तयार करा, आणि तो कशासाठी आहे ते घरातल्या सर्वांना समजावून सांगा.