तान्ह्या बाळाला भूल देताना

धारवाडजवळ सत्तूरच्या एसडीएम रुग्णालयात आईबाप दुभंगलेल्या ओठ-टाळूची बाळं घेऊन येतात. ओठाची शस्त्रक्रिया बाळ काही महिन्यांचं असताना, टाळूची वर्षाच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या वाढदिवसाआधीच दोनदा पूर्ण भूल. मेंदूला इजा होईल का, ही त्यांची धास्ती रास्तच आहे.

एकदाच आणि तासाभराची भूल असेल, तर घाबरू नये. सात देशांतल्या 722 तान्ह्या बाळांच्या हर्निया शस्त्रक्रियेत निम्म्यांना सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल दिली, बाकीच्यांचा फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पाचव्या वर्षी दोन्ही गटांचा बुद्ध्यांक जवळपास सारखाच भरला (2019).

वारंवार भुलेचं चित्र थोडं वेगळं. मेयो क्लिनिकच्या 2018च्या अभ्यासात अशा मुलांचा बुद्ध्यांक घटला नव्हता. पण हातांच्या बारीक हालचाली आणि विचारांचा वेग किंचित मागे होता. कारण भूल की मूळचा आजार, हे त्यातून ठरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा दिला, तोही तीन तासांहून लांबलेल्या किंवा पुन्हापुन्हा दिलेल्या भुलेबाबत.

म्हणून टाळूची शस्त्रक्रिया भीतीपोटी लांबवू नका, उच्चार बिघडतात. त्यापेक्षा पुन्हा वेगळी भूल टळावी म्हणून भूलतज्ज्ञांना विचारा: कानात नळी बसवायची असेल, तर ती याच भुलेत बसवता येईल का?