लाभांश घेऊन विकावे की आधीच?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘लाभांश जाहीर झालाय, तेवढा पदरात पाडून घेतो आणि मग युनिट विकतो,’ असे म्हणणारे पुष्कळ जण भेटतात. पीक हाताशी आले असताना शेत कोण विकेल, असा त्यामागचा विचार. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरू शकतो.

फंडाकडील शेअर, रोखे व रोकड यांच्या किमतीतून देणी वजा करून युनिटांच्या संख्येने भागले की निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही मिळते. लाभांश याच पैशातून दिला जातो. एनएव्ही २५ रुपये असेल आणि युनिटमागे ३ रुपये लाभांश मिळाला, तर एनएव्ही २२ रुपयांवर येते. बाजारातील चढउतार वेगळे. डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात गेले, इतकेच. म्हणून तर ‘सेबी’ने १ एप्रिल २०२१पासून ‘लाभांश पर्याय’ हे नाव बदलायला लावले. आता त्याला ‘आयडीसीडब्ल्यू’ म्हणतात. उत्पन्नाच्या वाटपात तुमचेच भांडवलही परत येऊ शकते, असे हे नाव सांगते.

मग आधी विकले काय आणि नंतर विकले काय, फरक कशाने पडतो? कराने. ३१ मार्च २०२०पर्यंत हा लाभांश गुंतवणूकदाराच्या हाती करमुक्त असे. त्याचा काहींनी खुबीने उपयोग केला. वॉलफोर्ट या दलाली पेढीचे प्रकरण गाजले. मार्च २०००मध्ये तिने १७ रुपये २३ पैशांनी युनिट घेतली, ४ रुपये करमुक्त लाभांश घेतला आणि १३ रुपये २३ पैशांनी ती परत करून तोटा दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये तो तोटा मान्य केला. मात्र २००१मध्येच कायद्यात कलम घालून ही वाट अडवली गेली होती.

१ एप्रिल २०२०पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या टप्प्यानुसार त्यावर कर लागतो. उलट, इक्विटी फंडाची युनिट वर्षाहून अधिक काळ ठेवून विकली, तर २३ जुलै २०२४पासून वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. त्यावरील नफ्यावर साडेबारा टक्के आहे.

आता उदाहरण घेऊ. २० रुपयांना घेतलेली तुमची १००० युनिट दोन वर्षांनी २५ रुपयांची झाली आहेत आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात. सव्वा लाखाची सवलत शिल्लक असेल, तर लाभांशाआधी विकून पूर्ण २५,००० रुपये हाती येतात. लाभांशासाठी थांबलात, तर ३,००० रुपयांवर ९०० रुपये कर जातो आणि हाती उरतात २४,१००. (उपकर धरलेला नाही.) ज्यांना करच लागत नाही, त्यांना दोन्ही सारखेच.

वर्षाच्या आत विकायचे असेल, तर गणित उलटू शकते. अशा नफ्यावर २० टक्के कर आहे. तुमचा टप्पा त्याहून खालचा असेल, तर लाभांश घेऊन विकणे स्वस्त पडते. मात्र लवकर विकल्यास लागणारा निर्गमन आकार तपासावा. वर्ष पुरे व्हायला थोडेच दिवस असतील, तर तेवढे थांबण्याचाही विचार करावा.

सर्वांत तोट्याचा सौदा म्हणजे लाभांश जाहीर झाला म्हणून घाईने नवी युनिट घेणे. २५ रुपये देऊन ३ परत मिळतात, त्यावर कर भरावा लागतो आणि युनिट २२ची होते. पडलेल्या भावात विकून झालेला तोटा लाभांशातून वजा होत नाही. तो फक्त भांडवली नफ्यातून वजा करता येतो. विवरणपत्र वेळेत भरल्यास आठ वर्षे पुढे नेता येतो.

तेव्हा लाभांशाची सूचना वाचली, की नोंद तारीख, आपला कराचा टप्पा आणि युनिट कधी घेतली ती तारीख, या तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. विकायचे ठरलेच असेल, तर नोंद तारखेच्या एक-दोन कामकाजाचे दिवस आधी, दुपारी तीनच्या आत अर्ज द्यावा. आणि विकायचेच नसेल, तर केवळ लाभांश जाहीर झाला म्हणून विकू नये.