सत्तावीस दिवसांचा हुकूम आणि कापलेला कान

नागपुरात संध्याकाळी कुणी रस्त्यावरच्या कुत्र्याला पोळी टाकताना दिसलं, की सोसायटीतले एखादे काका अजूनही हटकतात, "दोनशे रुपये दंड आहे, माहीत आहे ना?" काका चुकतात, पण अगदीच हवेतलं बोलत नाहीत. असा आदेश खरोखर निघाला होता, आणि इथेच निघाला होता. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की ज्यांना मोकाट कुत्र्यांचा कळवळा आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, महापालिकेत नोंद करावी आणि घरी नेऊन खाऊ घालावं. सार्वजनिक जागी खाऊ घातलं, तर दर वेळी दोनशे रुपयांपर्यंत दंड. १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने याला स्थगिती दिली. खाऊ घालतो म्हणून कुत्रं दत्तकच घे, अशी सक्ती करता येणार नाही, असं न्या. संजीव खन्ना आणि न्या. जे. के. माहेश्वरी यांच्या पीठाने म्हटलं. नागपूर महापालिकेने खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, असंही सांगितलं. हुकूम सत्तावीस दिवस जगला. काकांच्या डोक्यातून तो काही गेलेला नाही.

पण पोळी टाकणाऱ्या ताईंनीही लगेच विजयाची गुढी उभारू नये. "कोर्टाने परवानगी दिली आहे, कुठेही खाऊ घालू" हा गैरसमज काकांच्या गैरसमजाइतकाच पक्का आहे. त्याच स्थगितीच्या आदेशात खाऊ घालणाऱ्यांमुळे लोकांना त्रास होऊ नये, असंही बजावलं होतं. पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे आणखी घट्ट केलं. प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याची जागा ठरवायची आणि तिथेच घालायचं, रस्त्यात नाही. हे प्रकरण सुरू झालं होतं दिल्लीच्या कुत्र्यांवरून, पण त्या दिवशी पीठाने त्याची व्याप्ती देशभर नेली. थोडक्यात, पोळीला बंदी नाही, तिची जागा ठरलेली असायला हवी. ती ठरवायची जबाबदारी महापालिकेची.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. "फोन केला, गाडी आली, कुत्री घेऊन गेली आणि आठवड्याने तीच कुत्री पुन्हा दारात. पैसे खायचे धंदे!" पैशांचं काय ते हिशेबनीस जाणोत, पण कुत्रं परत आणून सोडणं हा कामचुकारपणा नाही, तो नियम आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम २००१ मध्ये आले आणि मार्च २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. दोन्हींचा गाभा एकच आहे. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला छेद द्यायचा आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. कारण कुत्री हद्द धरून राहतात. एका गल्लीतली सगळी उचलून दूर सोडली, तर मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची, नसबंदी न झालेली कुत्री शिरतात. खायला तर तिथे असतंच. सावजी भोजनालयामागची हाडं, मंगल कार्यालयाबाहेरच्या पत्रावळी, कोपऱ्यावर साचलेला कचरा. जेवण जागच्या जागी ठेवून फक्त जेवणाऱ्यांना हाकलण्यात काय अर्थ आहे?

परत सोडण्याच्या या नियमाला अपवाद आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. पिसाळलेलं किंवा पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं परत सोडत नाहीत, वेगळं ठेवतात. ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने आक्रमक कुत्र्यांनाही हेच लागू केलं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्याच ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून उचललेली कुत्री पुन्हा तिथे सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची. म्हणजे एसटी स्टँडवरच्या कुत्र्याला एक नियम आणि आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला दुसरा.

"पूर्वी सरळ मारायचे, तेव्हा बरं होतं." ही आठवण अर्धीच खरी आहे. मारायचे, हे खरं. मुंबईत तर महापालिका १९९४ पर्यंत मारत होती. त्याच्याही कितीतरी आधी, १८३२ मध्ये, कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि दंगल उसळली होती. इतक्या वर्षांत मुंबईतली कुत्री संपली का? गंमत म्हणजे ज्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याला सगळे दोष देतात, त्याच्या कलम ११ मध्ये मोकाट कुत्री मारण्याला क्रूरतेतून चक्क सूट दिलेली आहे. पुढे नियमांनी ती वाट असाध्य आजारी किंवा मरणासन्न जखमी कुत्र्यापुरती ठेवली. त्याच कायद्यात प्राण्याला छळण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठीतले पन्नास रुपये मोठे होते, आज तेवढ्यात धड तर्री-पोहेही मिळत नाहीत. म्हणून कुत्र्याला विष घालून पन्नासाची नोट फेकू असं कुणी समजत असेल, तर त्याने भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ वाचावं. प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

नसबंदीबद्दलही भाबड्या अपेक्षा आहेत. नसबंदी झालेलं कुत्रं चावतच नाही, असं नाही. माजाच्या काळातल्या झुंडी आणि मारामाऱ्या कमी होतात, पिलांच्या रक्षणासाठी अंगावर येणारी आई उरत नाही, एवढा फरक नक्की पडतो. संख्या मात्र तेव्हाच घटते, जेव्हा एका भागातल्या बहुतेक माद्या थोड्या काळात उरकल्या जातात. कुत्री दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदा विऊ शकते. इकडच्या चार, तिकडच्या पाच अशा नसबंदीने कागदावरचा आकडा फुगतो, गल्ली तशीच राहते. लसीचंही तेच. ती एकदा टोचून भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली, की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या शेजारच्या गोव्याने जाळी घेऊन गावोगाव फिरणारी पथकं लावून हे करून दाखवलं. तिथे कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला.

आणि चावलंच तर? पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती फार जुनी झाली. आता लस दंडात किंवा कातडीत घेतात. दंडात घेतली तर साधारण पाच मात्रा, चावल्याच्या दिवसापासून महिनाभरात. जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठायचं. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही लागतं, ते डॉक्टरांकडे मागून घ्यावं. पिलू होतं, पाळीव होतं, नुसतं ओरखडलं, यांपैकी कोणत्याही सबबीवर थांबू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागली, की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच.

हे सगळं लिहायला बसण्याआधी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान पाहून आलो. सात कुत्री. तिघांच्या कानाला छेद आहे, ते तिन्ही नर. पानठेल्यामागे पोत्यावर पडलेल्या तांबूस कुत्रीचे दोन्ही कान मात्र शाबूत आहेत, आणि तिच्या पोटाशी पाच पिलं आहेत.